शोरूमची लाल पाटी

मी तीस-बत्तीस वर्षं हायस्कूलात फिजिक्स शिकवलं. देवाला हात जोडते, पण तेही सवयीनं. कुणी भुताची गोष्ट काढली की मी चहा टाकायला उठते, यावरून आमच्या घरात माझी थट्टाही होते. त्यामुळे मी या सदरासाठी लिहायला बसले आहे हे मुलाला कळलं, तर तो म्हणेल, आईचं आता वय झालं. म्हणू दे. हा अनुभव ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलेला आहे... आणि तेव्हा सोबत असलेले आमचे हे आता सांगायला नाहीत.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही बागबाजारात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो. घरमालक पहिल्याच दिवशी हसत म्हणाले, "तुम्हा मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथे खंदक खणला, आणि आज मीच तुम्हाला खोल्या देतोय!" माणसं अशी मोकळी होती, पण काळ फार वाईट होता. संध्याकाळी लवकर दारं लागायची. कॉलेजात जाणारी पोरं घरी वेळेवर आली नाहीत की आया व्हरांड्यात येऊन उभ्या राहायच्या. कधी कधी पोरं यायचीच नाहीत. कोण न्यायचं, का न्यायचं, कुणी मोठ्यानं बोलत नसे.

समोरच्या घरातला तपन असाच गेला होता, आम्ही यायच्या आधीच्या दुर्गापूजेनंतर. त्याची आई विधवा, एवढा एकच मुलगा. सगळी गल्ली त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागले. मला बंगाली बोलायला त्यांनीच शिकवलं, माशाचा वास सहन करायलाही. मला 'बौमा' म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. तपनबद्दल मात्र त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात आमची गाडी आली. पुण्यात असताना कधीतरी नाव नोंदवलं होतं, आम्ही विसरूनही गेलो होतो. फिकट करड्या रंगाची, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली नवी कोरी गाडी.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी. तेव्हा नव्या गाडीला पक्का नंबर मिळेपर्यंत शोरूमची लाल पाटी लावून देत. तिच्यावर पांढऱ्या आकड्यांत शोरूमचा स्वतःचा नंबर असे. पाटी पुढे-मागे तारेनं बांधायची, गाडी घरी आणायची, मोटार ऑफिसात तपासणीला न्यायची आणि पक्का नंबर पडला की पाटी परत करायची. मग तीच पाटी पुढच्या गाडीला. त्या पाटीवर हिंडा-फिरायची परवानगी नसे. पण मोटार ऑफिस कधी बंदमुळे तर कधी संपामुळे उघडतच नव्हतं. शोरूमवाले म्हणाले, राहू द्या थोडे दिवस. म्हणून ती लाल पाटी आमच्याकडे बरीच राहिली.

गाडी दारात आली तेव्हा मी बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. गल्लीतल्या बायका कौतुकानं जमल्या. एकट्या मासीमा आल्या नाहीत. व्हरांड्यात उभ्या राहून गाडीकडे बघत होत्या. मी खोबऱ्याचा प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी प्रसादाकडे बघितलंही नाही.

"अशीच पाटी होती," त्या म्हणाल्या. (त्या बंगालीतच बोलायच्या, मी आपलं मराठीत सांगते.) "मिठाईच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गाडी थांबली होती. नवी गाडी. साध्या कपड्यातली माणसं होती. माझ्या खोकाला, माझ्या लेकराला, मागच्या सीटवर ढकललं. मी इथून हाक मारली, तर त्यानं काच खाली केली गो... खाली करून हात बाहेर काढला. मी अनवाणी धावले. तोवर कुणीतरी काच वर घेतली."

"नंबर बघितला नाहीत?"

"मला इंग्रजी आकडे कुठे येतात? मी चौकीत सांगितलं, लाल पाटी. ते म्हणाले, ती तर प्रत्येक नव्या गाडीला असते."

मी म्हटलं, "मासीमा, आमची गाडी आत्ता कारखान्यातून निघालीय. तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती."

"माहीत आहे, बौमा," त्या म्हणाल्या. तरी नजर पाटीवरच होती.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघं निघालो. मिठाईच्या दुकानाचा कोपरा वळताना माझ्या मानेला गार वारा लागला. मागे बघितलं तर डाव्या बाजूची मागची काच हातभर खाली. मी ह्यांच्यावर करवादले, काच नीट लावता येत नाही का म्हणून. ह्यांनी गाडी थांबवून काच वर घेतली. परत येताना, त्याच कोपऱ्यावर, पुन्हा खाली. मग हे रोजचंच झालं. दुसरी कुठलीच काच नाही आणि दुसरा कुठलाच कोपरा नाही. मेकॅनिकनं दाराचं आतलं पॅनेल उघडून सगळं तपासलं आणि काही बिघाड नाही म्हणून सांगितलं.

हे म्हणायचे, "नव्या गाडीचे सांधे बसायला वेळ लागतो." मी फिजिक्सवाली. माझं म्हणणं, तिथे रस्त्याला उतार आहे, दगडी फरशीवर गाडी थरथरते, काचेच्या आतल्या चक्राचे दात सुटत असणार. नुसतं म्हणून काय उपयोग, बघायला नको का? एका दुपारी मी मुद्दाम मागे, त्या काचेशेजारी, काच खाली-वर करायच्या हँडलजवळ बसले.

कोपरा आला. गाडी हळू झाली. आणि हँडल फिरायला लागलं.

काच घसरली असती तर हँडल भरकन फिरलं असतं. हे तसं नव्हतं. अर्धा वेढा... थांबलं. थोडं मागे आलं. पुन्हा अर्धा वेढा. मनगट दुखावलेला माणूस घट्ट बसलेला नळ कसा उघडतो, तसं. मी घाबरून काच दोन्ही तळव्यांनी वर दाबून धरली. तरी ती खाली येत होती. माझ्या हातांवर जोर येत होता, पण तो आडदांड जोर नव्हता. कुणीतरी अगदी थकलेलं होतं.

"अहो, गाडी थांबवा!" मी ओरडले.

ह्यांनी ब्रेक मारून मागे बघितलं. माझे हात काचेवर होते आणि हँडल आपलं फिरत होतं. ह्यांनी गाडी तशीच घरी आणली. जिना चढताना हे म्हणाले, "उद्या मोटार ऑफिस उघडतंय म्हणे. पक्का नंबर घेतो आणि गाडी विकून टाकतो. मला हे नको."

मासीमांनी व्हरांड्यातून सगळं बघितलं होतं. रोजच बघत असणार. चहाच्या वेळेला त्या आमच्याकडे आल्या. "मला एकदा बसव, बौमा," एवढंच म्हणाल्या.

ह्यांना हे पसंत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही. उजेड होता तोवर आम्ही निघालो. मासीमा मागे डाव्या बाजूला, मी त्यांच्याजवळ. कोपऱ्यावर हँडल फिरायला लागलं तसं त्यांनी त्यावर आपला हात ठेवला. मला वाटलं होतं, किंचाळतील, रडतील. काहीच नाही. डोळे मिटून बसल्या, ओठ हलत होते. ह्यांनी इंजिन बंद केलं. मीही त्यांना हात लावला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे, बाहेरून पोलीस सार्जंटनं टपावर थाप मारली. लाल पाटी बघून त्यानं ह्यांना खाली उतरवलं. "या पाटीवर गाडी घरून मोटार ऑफिसला न्यायची असते, साहेब, हवा खायला नाही. दिवस कसले आहेत माहीत आहे ना? उद्या ही पाटी दिसली तर गाडी जप्त करीन."

तो गेल्यावर मासीमांनी डोळे उघडले. "अजून एक दिवस राहू दे ही पाटी," त्या ह्यांना म्हणाल्या. "मी त्याला विचारते आहे, कुठे आहेस म्हणून. एका दिवसात सांगेल तो."

हे फार मऊपणानं म्हणाले, "मासीमा, गाडी इथेच राहणार आहे. नुसती पाटी बदलेल. मी गाडी विकत नाही, तुम्ही रोज बसा."

घरी मी ह्यांच्याशी भांडले. "अहो, एकच दिवस मागतायत त्या."

"आणि गाडी जप्त झाली तर? मग कुठे बसवशील त्यांना?"

ह्यांचं चुकलं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही, आजही येत नाही. पाटीतच काही असेल, हे शहाण्या माणसाच्या डोक्यात यावं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, नंबर पडला, पेंटरनं काळ्या पाटीवर तो रंगवला. हे शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसानं तार सोडून लाल पाटी काढली आणि ह्यांच्यासमोरच दुसऱ्या एका गाडीला बांधली.

संध्याकाळी मासीमा नवं लुगडं नेसून आल्या. गाडीत बसल्या, हँडलवर हात ठेवला. कोपरा आला. काच जागची हलली नाही. ह्यांनी गाडी वळवून पुन्हा आणली. पुन्हा काही नाही. आणखी एकदा. शेवटी मासीमांनी विचारलं, "ती पाटी कुठे आहे?" ह्यांनी सांगितलं. त्यांनी हळूच दार उघडलं आणि उतरून घरी गेल्या. त्या आम्हाला वाट्टेल ते बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हे रात्री जेवले नाहीत.

त्यानंतर दुपारचा त्यांचा व्हरांडा रिकामा दिसू लागला. कुठे जाता विचारलं तर हसायच्या. पुढे उन्हाळ्यात मी चौरंगीकडे कापड घ्यायला गेले होते, तेव्हा ट्राममधून मला त्या दिसल्या. आमच्याच शोरूमच्या दारात उभ्या होत्या. हातात पितळेची ताटली, ताटलीत धान, म्हणजे सालासकट भाताचे दाणे, आणि दूर्वा. बंगाली लोक आशीर्वाद देताना डोक्यावर ठेवतात ना, तसं.

मी उतरून लांबून बघत राहिले. एक कुटुंब नवी गाडी घेऊन बाहेर आलं, पुढे तीच आमची लाल पाटी. मासीमांनी सगळ्यांच्या डोक्यावर धान-दूर्वा ठेवली. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हातारीनं आपण होऊन आशीर्वाद दिला म्हणून नवरा-बायको पाया पडले. त्या काहीतरी बोलल्या. बाईनं हसून मागचं दार उघडलं आणि मासीमा डाव्या बाजूला काचेशी बसल्या. गाडी पुढच्या चौकापर्यंत गेली, तिथे उतरून त्या चालत परत आल्या.

शोरूमचा मॅनेजर मला म्हणाला, "या आजी रोज येतात. गिऱ्हाईकांना फार आवडतं, शुभ मानतात." मी त्याला विचारलं, आदल्या वर्षी पूजेनंतर ही लाल पाटी कुणाला दिली होती का? तो म्हणाला, "दीदी, ती रोज कुठल्या ना कुठल्या गाडीला असते. कोण लक्षात ठेवणार?" त्याचंही खरंच होतं.

याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आज म्हातारपणीही नाही. पत्र्याच्या पाटीचा आणि मागच्या दाराच्या हँडलचा संबंध कुठल्याच पुस्तकात नाही, मी शोधलाय. आमच्या गाडीची ती काच पुढे कधीही आपणहून उतरली नाही. ह्यांनी गाडी बरीच वर्षं वापरली, पण मागच्या सीटवर डावीकडे कुणाला बसू देत नसत. तपनचं काय झालं ते आम्ही कलकत्ता सोडेपर्यंत कुणालाच कळलं नाही. म्हणजे, जे कागदावर कळतं तसं नाही.

कारण त्या दिवशी शोरूमबाहेर मी मासीमांना गाठलं होतं. उन्हानं चेहरा काळवंडला होता, पण डोळे कधी नव्हे इतके शांत होते. मी म्हटलं, "मासीमा, घरी चला. तो काही बोलतो तरी का?"

"ना. बोलत नाही." त्यांनी माझा हात हातात घेतला. "पण तुला सांगते, तुमच्या गाडीत मी पहिल्यांदा त्याचा हात धरला ना, तेव्हा सणकून ताप होता त्याला. हात नुसता भाजत होता. मी तुम्हाला बोलले नाही, पण काळजीनं अर्धी झाले होते. मग इथे रोज बसायला लागले. इथे काच उतरत नाही, पण हँडलवर हात ठेवला की त्याचा हात लागतो. थोडा थोडा उतरत गेला ताप. काल हात धरला तर अगदी गार लागला, बौमा. हलतही नव्हता, शांत झोपला होता. बरं झालं ना?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शोरूममधून आणखी एक गाडी बाहेर येत होती.

मी म्हटलं, "हो मासीमा. बरं झालं."