पान उलटल्याचा आवाज

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दिवसभर ओल्या पावडरीत काच फिरवायची, बोटानं कड चाचपायची, पुन्हा फिरवायची. बोलणं मुळातच कमी. त्याची मोठी बहीण, ताई, त्याच्याहून अबोल. तिचं कामही तसंच. रेडिओ केंद्रावरून दर रविवारी दुपारी पियानोचा कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा, तेव्हा वादकाच्या शेजारी बसून तिनं वेळेवर स्वरलिपीच्या वहीचं पान उलटायचं. बस्स.

घरच्या छोट्या रेडिओवर तो पियानो कुणी डब्यात बसून वाजवल्यासारखा वाटायचा. ताई त्यात कुठे सापडणार? मग एका बंद झालेल्या हॉटेलच्या सामानात त्याला जुना एफएम ट्यूनर मिळाला, नुसतं स्टेशन पकडणारं यंत्र, लाकडी पेटीचं आणि चांगलं जड. खिडकीत तार लटकवून तो घरच्या आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला जोडला, तर नुसती खरखर.

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, हे धूड कशाला आणलंत?"

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईंनी झाकण उघडून आत डोकावलं. "जीव आहे याच्यात. आतली जुळणी तेवढी सरकलीय." दोन तास त्या एकेक पेच केसभर फिरवत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "आणि ती खिडकीतली तार काढा. गच्चीवर नीट एरियल लावा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

त्यानं गच्चीवर एरियल लावलं आणि त्या रविवारी पडदे ओढले. ट्यूनरच्या तबकडीचा हिरवट उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता. सूर यायच्या आधी केंद्राचं सभागृह आलं. त्याचं उंच छत, रिकाम्या खुर्च्या, कुणीतरी रोखून धरलेला श्वास. मग पियानो वाजू लागला आणि खोलीच्या भिंती हळूहळू कुठे विरघळल्या ते त्याला कळलं नाही. दोन सुरांच्या मध्ये अगदी हलकेच काहीतरी सळसळलं.

"ताई!" तो पुटपुटला.

"लोक वाजवणं ऐकतात, आमचे हे पानं ऐकतात," बायको शेजारणीला सांगायची. पण रविवारी शेंगा सोलायला तीही त्याच खोलीत येऊन बसायची.

ताईला मात्र पटेना. "काहीतरीच तुझं!"

"परवा तिसऱ्या पानाला तुझी अंगठी लाकडाला लागली."

ताई बराच वेळ बोटाकडे बघत राहिली.

वर्ष-दीड वर्ष असंच तरंगत गेलं. मग एका रविवारी पान उशिरा उलटलं. पियानो क्षणभर अडखळला. पुढच्या रविवारी दोन पानं एकदम उलटली, त्यातलं एक घाईघाईनं मागे आलं. दुसऱ्या दिवशी तो तडक ताईच्या घरी गेला.

"तुला नीट दिसत नाही का गं?"

तिनं मान खाली घातली. "वादक काही बोलले नाहीत, भला माणूस आहे. पण केंद्रावर कळलं तर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. बाजारातून चष्मा आणला, त्यानं पुस्तक दिसतं, ती वही नाही."

"मी दिवसभर चष्मेच करतो, आणि मला सांगत नाहीस?"

"आपल्याच माणसापाशी जास्त लाज वाटते रे."

त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, वही किती लांब असते ते हात पुढे करून दाखवायला लावलं आणि ते अंतर सुतळीनं मोजून घेतलं. दुकानातल्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले. मग आठवडाभर तो नेमक्या त्या अंतराची भिंगं घासत होता. काच फिरता फिरता त्याला मधूनच सभागृहाचं छत दिसायचं, आणि मालक दोनदा हाक मारायचा तेव्हा कुठे तो भानावर यायचा.

रविवारी पान इतकं वेळेवर उलटलं, की ते उलटून गेल्यावरच त्याच्या ध्यानात आलं.

त्यानंतर ताई सात वर्षं त्या खुर्चीवर बसली. बहुतेक रविवारी तो ऐकता ऐकता पेंगायचा, आणि बायको पावलं न वाजवता येऊन त्याच्या अंगावर पांघरूण घालायची.