जळलेल्या बोरी

आखातात, दुखानला आमच्या कंपनी क्वार्टर्सच्या मागे एका खोलगट जागेत सात बोरी होत्या. थंडीतल्या पावसाचं पाणी तिथे साठायचं, म्हणून त्या तगल्या होत्या. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात कुणीतरी तिथे कचरा पेटवला आणि वाऱ्याने सगळ्या जळाल्या.

महिन्याभरात मेंटेनन्सचा सुपरवायझर जागा मोजायला आला. सपाट करून खडी टाकायची, गाड्या लावायला. यजमान म्हणाले, "सोयच होईल." मुलगी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, सगळं मेलंय ते."

मला ते पटेना. माझं माहेर बार्शीकडचं. बांधावरची बोर बुडापासून तोडली तरी फुटते, हे मी पाहिलेलं. पण इथल्या मातीचं मला काय कळणार?

शेजारी कॅनडाची एक बाई राहायची, उत्तरेच्या जंगलात वाढलेली. तिला दाखवायला नेलं. तिने बुंध्याजवळची राख उकरली, सालीला नख लावलं. आत हिरवट ओल होती.

"आमच्याकडे जंगल जळलं की आधी गुलाबी फुलांचं तण माजतं," ती म्हणाली. "मग भूर्ज येतात. एका पाइनची फळं तर डिंकाने बंद असतात, आगीनेच उघडतात. वडील म्हणायचे, जळलेल्या रानाला हात लावू नका."

बुलडोझर आला त्या सकाळी आम्ही दोघी तिथे खुर्च्या टाकून बसलो. ड्रायव्हर रत्नागिरीचा निघाला.

"बाय, उठा ना. माझी नोकरी जाईल."

"तुमची नाही जाणार. सायबाला सांगा, बायका उठत नाहीत."

त्याने इंजिन बंद केलं. "खलास," म्हणत सावलीला जाऊन बसला.

सुपरवायझर धावत आला. "मिस्टरांच्या बॉसला कळवतो!"

"कळवा. पाऊस होईपर्यंत मी रोज इथेच बसणार."

त्याने खरंच कळवलं. यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण बुलडोझर परत गेला.

जानेवारीत पाऊस झाला. आधी जमिनीलगतचं गवत आलं, मग चार बोरींच्या बुडाशी लालसर कोंब. मी मुलीला हाताला धरून नेलं. ती वाकून बघत राहिली.

तीन बोरी फुटल्याच नाहीत. पुढच्या वर्षी त्या बाजूला खडी पडली. तिथे मी हरले. उरलेल्या चार मात्र आम्ही दुखान सोडलं तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या, आणि काट्यांमुळे त्यांच्या जवळ कुणाला जाता येत नव्हतं.