लॉरीतल्या घराचं पांघरूण

त्रिशला मगदूमला किळस यायची ती नाकापासून. आधी नाक आक्रसायचं, मग वरचा ओठ, मग पदर वर जायचा आणि पदराआडून एकच अक्षर बाहेर पडायचं, "शी!" त्या एका अक्षराचे तिच्याकडे इतके प्रकार होते, की नवरा भिंतीआडून ऐकूनच ओळखायचा. आखूड 'शी' म्हणजे झुरळ. लांबलचक 'शीऽऽ' म्हणजे सासरकडचं कुणीतरी.

नवरा वर्धमान साधं कधी बोलायचाच नाही. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून तो सिनेमा दाखवायचा, खेळाआधीचा पुकारा भोंग्यातून स्वतःच करायचा, आणि भोंगा मिटला तरी गळा मिटायचा नाही. "आज रोऽजी, मगदूमांच्या घराऽत, एक तांब्या पाऽणी!" त्रिशला तांब्या आदळून म्हणायची, "ठिवलंय. तिकीट काढा आन प्या."

हे घर म्हणजे चाकांवरचं घर. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली एक लॉरी वर्धमाननं घेतली होती आणि सुतार लावून तिच्यावर लाकडी खोली चढवली होती. मागच्या भागात सिनेमाचं मशीन, पुढच्या भागात संसार: दोन फळ्यांची अंथरुणं, एक मांडणी, स्टोव्ह, आणि पडदा लावलेली दोन खिडकुली. दिवाळीपासून मिरगापर्यंत त्रिशला त्यात राहायची. बायकांच्या बाजूची तिकिटं तीच फाडायची. पावसाळ्यात तंबू गुंडाळला, की दोघं कळंब्याच्या वाटेवरच्या आपल्या दोन खोल्यांत यायची आणि लॉरी मागच्या उघड्या माळावर उभी राहायची. आडोशाला घ्यावी तर ती एवढी उंच, की कुठल्याच छपराखाली मावायची नाही.

मागच्या पावसाळ्यात वर्धमाननं तिला डांबरी ताडपत्री घातली. घातली म्हणजे बाळंतिणीला बांधावी तशी आवळली. खाली चाकांपर्यंत ओढून वर दोरखंडाचे फेरे. "आता पावसाच्या बाऽपाला वाट न्हाय!" असा पुकाराही केला.

पावसाच्या बापाला खरंच वाट मिळाली नाही. दिवाळीत दार उघडलं तेव्हा आतून जो वास आला, तो त्रिशलाच्या नाकातून अजून गेला नव्हता. तिचं माहेर नदीकाठच्या कुरुंदवाडचं, पूर ओसरल्यावरच्या घराचा वास तिच्या ओळखीचा. पण तो वास दारं-खिडक्या उघडल्या की हळूहळू निघून जातो. हा दारातच उभा राहून 'या, बसा' म्हणत होता. गादीवर हिरवी लव उगवलेली. पडद्यावर काळे ठिपके. लाकडी उलथण्याला पांढऱ्या मिशा फुटलेल्या. उशी उचलली, तर खालचे चंदेरी किडे मोर्चा उधळावा तसे दाही दिशांना पांगले.

दुसऱ्या कुणा बाईनं चिंधी रॉकेलात बुडवली असती आणि पदर खोचला असता. त्रिशला जैनाची. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी, चुलीत घालण्याआधी लाकूड आपटून मुंगी बघणारी. तिच्या लेखी ती लव म्हणजे नुसती घाण नव्हती, जीव होते. पुसावं तर हत्या, न पुसावं तर त्यातच झोपायचं. शेवटी मशीन चालवणाऱ्या सयाजीनं सगळं रॉकेलानं घासून काढलं. त्रिशला बाहेर कानांवर हात ठेवून उभी होती, जणू आतलं सगळं ओरडत होतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

"मारलं सयाजीनं. तुझ्या माथी कशाला?" वर्धमान म्हणाला.

"त्यानं मारलं, पर पैदा कुणी केलं? आपुनच न्हवं? चार म्हैनं कोंडून, उबवून!"

आणि यंदा मिरग जवळ आला तसं तिनं सांगून टाकलं, "औंदा पुन्ना तसं झालं, तर म्या गाडीत पाऊल ठेवणार न्हाय. कुरुंदवाडास जाऊन बसीन. तुमी आन तुमचा भोंगा फिरा गावभर."

ती बोलली ते करते, हे वर्धमानला ठाऊक होतं. तो मुकाट तिला घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात ताडपत्रीच्या दुकानात गेला.

दुकानदार नृसिंहशेठ तोंडात तंबाखू धरून बोलायचा. पिंक सांडू नये म्हणून हनुवटी आढ्याकडे, त्यामुळं प्रत्येक शब्द पाण्यात बुडालेल्या माणसासारखा यायचा. "ह्ये ग्याऽ पावणं! डांबरी. थेंब आत गेला तर मिशी उतरून दीन!"

त्रिशलानं वाकून हुंगलं. "शी! ह्येच गेल्या साली घातलंतं."

"मग रबरी घ्या, वैनी. मिलटरीचा माल. गोरं सायेब ह्याच्याखाली झोपलेत."

तिनं तेही हुंगलं. जुनं टायर उन्हात मरून पडल्यासारखा वास. "पाणी आत जात न्हाय, कबूल. आतलं भाईर कुठनं येतंय?"

नृसिंहशेठची हनुवटी खाली आली. पिंक टाकायला तो उठून दारापर्यंत गेला, परत आला आणि मनसोक्त हसला. "लॉरी काय दम घेती व्हय, वैनी?" वर्धमानही हसला, दुकानदारासमोर नवऱ्यानं हसावं लागतं तसं.

"घेती," त्रिशला म्हणाली. "आत ऱ्हाते मी. मला ठावं. ह्ये रबरी उद्याच्या दिसापुरतं द्या. लॉरीवर घालून ह्यास्नी आत बसवून बगते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आभाळात ढगाचं नाव नसताना, तिनं खरंच नवऱ्याला लॉरीत बसवलं. सोबत एक ओला पंचा वाळत टाकला आणि सयाजीकडून बाहेरून रबरी कापड आवळून घेतलं. थोडा वेळ आतून पुकारा आला, "आज रोऽजी, कळंब्याच्या माळावऽर, मगदूमांचा खेऽळ!" मग नुसतं "आज रोजी." मग "अगं." मग "त्रिशला, उघड की गं!"

तो बाहेर आला तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, आणि अंगाला असा वास, की सयाजी दोन पावलं मागं सरला. "शीऽऽ," त्रिशला म्हणाली. पण तिचं लक्ष कापडाकडे होतं. कापड आतल्या बाजूनं उलटलं, तर त्यावर पाण्याचे मणी दाटले होते. तिनं त्यावरून बोट ओढलं. ओघळ खाली पळाला.

"ह्ये पाणी कुठल्या पावसाचं?"

वर्धमान सदरा काढून पिळू लागला.

घेतलं ते साधं जाड कॅनव्हास. पण त्रिशलाला ते लॉरीच्या अंगाला टेकायला नको होतं. तिनं टपावर बांबूचा कणा उभा करायला लावला, कापड त्यावरून दोन्हीकडे उतरवलं, आणि खाली जमिनीपासून चांगलं वर थांबवलं. माप ऐकून नृसिंहशेठ किंचाळला, "ह्यो तर परकर झाला, वैनी! पाय उगडंच की!"

"पायांस्नी वारा लागू दे."

पाऊस लागला. कळंब्याच्या तलावावरून येणारं वारं कॅनव्हास धोपटायचं. एका शिवणीतून पाणी आत ठिबकू लागलं, तेव्हा वर्धमान मोठ्यानं हळहळला, "डांबरीला थेंब न्हवता गेला!" त्रिशलानं ठिबक्याखाली पातेलं ठेवलं. उघडीप मिळाली की ती कापडाखाली वाकून शिरायची, दार-खिडक्या उघडायची, हुंगून परत यायची. भाद्रपदात झड लागली आणि मधल्या वाटेतलं पाणी हटेना. तिला कित्येक दिवस तिकडं जाता आलं नाही; मग पाणी ओसरलं तरी भीतीनं पाऊल वळेना. रोज ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या परकराकडे बघायची. माहेरी न्यायची पेटी तिनं भरूनच ठेवली होती.

दिवाळीच्या तोंडावर ती लॉरीकडे गेली. मागं वर्धमान, त्याच्या मागं सयाजी. कापड उचललं मात्र, वासाचा असा लोट आला की तिघंही थबकले. "शी!" हा प्रकार नवा होता.

लॉरीखाली, पायरीवर, चाकांच्या मधल्या जागेत शेळीच्या लेंड्यांचा गालिचा पसरला होता. मुताची डबकी वाळून पिवळी पडली होती. आणि मधोमध दोन करडं घेऊन शेजारच्या धोंडुबाईची शेळी बसून रवंथ करत होती.

"धोंडुबाई!"

"माजी न्हवं गं बाई ती!" बांधावरून टिपेचा आवाज आला. "माजी शेळी तसली न्हवंच!" शेळी तो आवाज ऐकून उठली आणि करडं घेऊन बांधाकडे चालू लागली.

त्रिशलानं नाकाला पदर लावला, लेंड्यांतून टाचांवर चालत गेली आणि दार उघडलं. आत डोकं घातलं. हुंगलं. फळ्या कोरड्या. ठिबक्याजवळच्या भिंतीवर एक तपकिरी डाग, सुकलेला. उलथणं उचललं, उलटं केलं. गुळगुळीत. मांडणी हलवली. काहीच पळालं नाही.

ती बराच वेळ आतच होती. बाहेर वर्धमान लेंड्यांत उभा. शेवटी त्यानं साध्या, बारक्या आवाजात विचारलं, "मग... चढतीस का औंदा?"

"आदी ह्यो उकिरडा उचला," आतून आवाज आला. "ह्यातलं कायबी मारायला लागत न्हाय, नुसतं उचलायचंय. शी! आन जाऊन माजी पेटी आणा. हितं ठेवायची हाय."