एक इंच कव्हर

जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीचा पार्किंगवरचा स्लॅब खाडीच्या खाऱ्या हवेने सडला होता. मी पेशाने सिव्हिल इंजिनिअर, म्हणून नवा स्लॅब माझ्याच देखरेखीखाली झाला. लोखंडाऐवजी फायबरच्या सळ्या घालायला मीच लावलं. त्या गंजत नाहीत, म्हणून सळ्यांखालचं काँक्रीटचं कव्हरही मीच कमी करून एक इंचावर आणलं. गंजच नाही तर जाड कव्हर हवंय कशाला? एवढा शहाणा मी!

माघी गणपतीला आचाऱ्याने महाप्रसादाची भट्टी नेमकी त्याच स्लॅबखाली पेटवली. कव्हर सळईला आगीपासूनही वाचवतं, हे मला तेव्हा आठवलं. तापल्यावर लोखंड बराच वेळ तग धरतं. फायबरच्या सळईतले तंतू चिकटवून ठेवणारी राळ मात्र कितीतरी आधी मऊ पडते, मग सळई काँक्रीटला धरून राहत नाही. आणि वर, स्लॅबवर, पंगत बसली होती. लहान पोरं उड्या मारत होती.

"भट्टी बाहेर घ्या आधी!" मी ओरडलोच.

"का हो, काय झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

खरं सांगायला जीभ रेटेना. "धूर वर येतोय. आईला दम्याचा त्रास आहे."

भट्टी लगेच हलली. तेव्हापासून दरवर्षी ती न सांगता बाहेरच लागते.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. काल जिन्यात सेक्रेटरी भेटले. जरा अवघडूनच म्हणाले, "यंदा भट्टी आत लावायला हरकत नाही ना?"