एकोणचाळीस पिनांची डिस्क

गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आलोय, "जोर लावू नका, जात नाही म्हणजे उलटं धरलंय." राइस मिलचे मुनीम, शाळेचे मास्तर, सगळ्यांना हे सुनावून झालंय. काहींना यापेक्षा वाईट शब्दांत.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. त्याआधी ते जन्मभर ओरडूनच बोलले. बैलांशी, माझ्याशी, रेडिओशीसुद्धा. परवा आई म्हणाली, "दोन साल झाले, मले कोनी बोंबलून नाही राहिला. घर कसा सुना लागते. तुया बाचा आवाज तुया त्या डबड्यात नाही का कोठी?"

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. पण बाबांसमोर मोबाइल धरला, की ते ओळखपत्राच्या फोटोसारखे ताठ आणि गप्प व्हायचे. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी होता. घरी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा नवा माइक चालतो का ते बघायला मी पुढच्या छपरीत रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, आणि बाबांना सांगितलं नव्हतं. त्या कॉम्प्युटरची डिस्क जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कपाटात पडली होती.

अडचण अशी, की ती फार जुन्या पद्धतीची. तिला दोन इंच रुंद, पट्टीसारखी वायर लागते. एका वायरवर दोन डिस्का नांदायच्या, एकत्र कुटुंबात नांदतात तशा, आणि थोरली कोण, धाकटी कोण हे मागच्या एका चिमुकल्या टोपीवरून ठरायचं. टोपी चुकली की दोघींचा अबोला. मग साटा नावाची नवी पद्धत आली. बारीक वायर, प्रत्येकीला वेगळी, मानापमान नाही, कामही भराभर. आता तर च्युइंगमच्या पट्टीएवढी डिस्क येते. वायरच नाही, सरळ बोर्डात खोचायची आणि एक स्क्रू आवळायचा. माझ्या एकाही नव्या मशीनमध्ये या म्हाताऱ्या डिस्कला जागा नव्हती. शेवटी गोंदियाहून कन्व्हर्टर आणला. एक तोंड जुन्या डिस्कला, दुसरं यूएसबीत.

या डिस्कला जागा चाळीस पिनांची, पण पिना एकोणचाळीस. मधली एक मुद्दाम गाळलेली, आणि समोरचं तेवढं भोक बंद. मूर्खालाही उलटं लावता येऊ नये म्हणून ही सोय. रविवारी दुपारी आई शेजारी बसली, बाबा खाटेवर, आणि मी कन्व्हर्टर उलटा लावला. जाईना. मी जोर लावला.

एक पिन आडवी झाली. गिऱ्हाइकांना आजवर घातलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात स्वतःला घातल्या. आईनं विचारलं, "का झाला?" मी म्हटलं, "काही नाही." पिन तुटली असती तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. रिकाम्या बॉलपेनची नळी पिनेवर चढवून ती हळूहळू सरळ केली. तरी डिस्क दिसेना. मग लक्षात आलं, टोपी धाकटीच्या जागी होती. आता ती एकटीच होती, तरी धाकटेपणा सोडायला तयार नव्हती. टोपी चिमट्यानं हलवली. डिस्क कुरकुरली आणि फिरू लागली.

फाइल उघडली. आधी कोंबडा, मग भांड्यांचा आवाज, आणि मग बाबा, भर गळ्यानं. "अवो! कोठी मेली वो? पानी आन! कवाचा आवाज देऊन राहिलो!"

"आनतो ना, आनतो," म्हणत आई उठली.

ती आत गेली, गिलास भरून घेऊन आली आणि कॉम्प्युटरपुढे येऊन थांबली. कुणाला द्यायचा ते तिला कळेना. मग खाटेकडे वळली.

बाबांना मी दहा मिनिटांपूर्वीच पाणी पाजलं होतं. त्यांनी अख्खा गिलास संपवला.