मूकपटानंतरची पाटी

रविवार, अकरा फेब्रुवारी, दुपारी तीन. टेंभुर्णीच्या घरी हजर: नाना, म्हणजे माझे निवृत्त शिक्षक वडील, आई, मी. सोबत लॅपटॉप आणि मी लिहून आणलेले बासष्ट कागद.

घशाच्या ऑपरेशनात नानांची स्वरपेटी काढली. तेव्हापासून ते पाटीवर लिहितात, आणि आईला वाचता येत नाही. मी रविवारी जालन्याहून येते आणि वाचून दाखवते. एरवी दोघं हातवाऱ्यांवर भागवतात.

नानांच्या आवडत्या तलवारबाजीच्या कादंबरीवर शंभरेक वर्षांपूर्वी मूकपट निघाला होता. तो मला इंटरनेटवर सापडला. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मी मराठीत उतरवून, क्रमांक घालून आणली होती. पण लावली ती प्रत वेगळी निघाली, तिच्यात प्रसंग कमी होते. दहाव्या कागदाला मी नायिकेचं बोलणं एका मिशाळ सरदाराच्या तोंडी घातलं.

"बाई, काय वाचून राह्यली तू? ठेव ते कागद," आई म्हणाली. "हा तर दगाबाज हाये. आता पुलावर लढाई होईल बघ."

झाली. लग्नानंतरच्या वर्षांत, शेंगा फोडता फोडता, नानांनी तिला ही गोष्ट कितीदा तरी सांगितली होती. मला हे ठाऊक नव्हतं. पुढचा तासभर आईच बोलत राहिली, गोष्ट सांगताना नाना जिथं थांबायचे तिथं थांबत. चुकली की नाना ग्लासवर चमचा वाजवत.

"बरं गुरुजी, घोडा काळा होता. बराबर."

चित्रपट संपल्यावर नानांनी पाटीवर एक ओळ लिहून आईपुढे धरली. सवयीनं मी हात पुढे केला. आईनं पाटी स्वतःकडे वळवून घेतली.

"वाचून दाखवू?"

"न्हाई. हे मला लिव्हलंय. तू शिकव, मंग मी वाचते." मग नानांकडे बघून, "गाव शिकवलं सगळं. घरातली तेवढी राहिली."



ती पाटी फडताळात उभी आहे, कुणी पुसायची नाही. नानांसाठी दुसरी पाटी आणली. आईसाठी अंकलिपी आणली. मुळाक्षरं झाली, काना-मात्रा झाल्या. नानांचा नवा रिपोर्ट चांगला नाही, म्हणून हल्ली मी बुधवारीही जाते. दर वेळी आई पाटी काढून बोट फिरवते आणि एका शब्दापाशी अडून परत ठेवते. मी तिकडं बघत नाही.

शिकवायच्या यादीत बाकी: जोडाक्षरं.