दयाळांचे घरमालक

आमच्या मुरुडच्या घरमालकांइतका पाखरांच्या संसारात नाक खुपसणारा माणूस साऱ्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. मी त्यांच्या माडीवर पाच वर्षं भाड्याने राहिलो. तेवढ्या काळात माझ्या डोक्यावरचं फुटकं कौल त्यांनी एकदाही बदललं नाही. परसातल्या सुपारीवर दयाळ पक्ष्यांसाठी ठोकलेल्या लाकडी पेटीचं छप्पर मात्र दर वर्षी नवं व्हायचं. तक्रार केली की म्हणायचे, "मास्तर, तुम्ही पलंग सरकवू शकता. ती बिचारी काय सरकवणार?"

उभा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेला. त्यामुळे निवृत्तीनंतरही मागच्या पडवीत बसून ते येणारं-जाणारं पाखरू खड्या आवाजात जाहीर करत. "मादी आली! अळी घेऊन आली! नर अजून लागलेला नाही!" वाटेने जाणारी माणसं दचकून थांबत. पेटी आंब्याच्या खोक्यांच्या फळ्यांची, आणि दार इतकं बेताचं की कावळ्याचं डोकं बाहेरच अडावं. धामण चढू नये म्हणून खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला. एकदा धामण खरोखरच त्या पत्र्यावरून घसरून अळवात पडली, तर यांनी आळीत पेढे वाटले. शेजारच्या भाभींच्या मांजरीला घुंगरू बांधा, म्हणून तर महिनाभर विनवण्या चालल्या होत्या. "घुंगरू बांधते, काका. मग उंदीर पकडायला तुम्ही येणार काय?" भाभी विचारायच्या. शेवटी पिल्लं उडेपर्यंत मांजर घरात कोंडायचं ठरलं आणि तिच्यासाठी बांगड्याची डोकी रोज काका स्वतः पोचवू लागले.

त्या वर्षी चार पिल्लं झाली. एका सकाळी ती एकेक करत पेटीबाहेर पडली. काका लग्नघरातल्या यजमानासारखे हात चोळत उभे. तिघं कढीलिंबात शिरली. चौथं कुंपणावर बसलं, पंख झाडले, आणि वरून शिक्रा आला. कबुतराएवढाच शिकारी पक्षी, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत पिल्लू उचलून गेलासुद्धा. काका रिकाम्या कुंपणाकडे बघत म्हणाले, "एक मिनिट झालं नव्हतं हो, मास्तर, बाहेर येऊन."

दुपारी काकूंनी ताट वाढलं. तळलेल्या बांगड्याकडे बघत काका शिक्र्याला शिव्या देत होते. "कुणाचं लेकरू उचलतो, काही लाज?" काकू शांतपणे म्हणाल्या, "बांगड्यालाही आई असेल हो." काका ताटावरून उठले. माळ्यावरची जुनी गलोल काढली आणि तरातरा मागच्या आंब्याकडे निघाले. मी घाबरून मागोमाग.

आंब्याच्या शेंड्याला काटक्यांचं घरटं होतं. शिक्र्याची मादी काठावर बसून काहीतरी तोडत होती आणि आतून तीन पांढुरक्या माना तोंडं वासून वर येत होत्या. काकांनी रबर ताणलं. ताणून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग हळूच सैल सोडलं.

"पेटीत आहेत तोवर माझी," ते म्हणाले. "बाहेर पडली की त्यांची ती." खडा खाली टाकला आणि डोळे पुसत, ऊन फार आहे, अशी तक्रार करत घरी आले. काकूंनी गार बांगडा पुन्हा तव्यावर टाकला.

पुढे माझी बदली तळा गावच्या शाळेत झाली. काकांचे गुडघे गेले, आता पेटीसाठी शिडी काकू धरत नाहीत आणि त्यांना चढूही देत नाहीत. काका अधूनमधून फोन करतात. परवा बोलता बोलता शाळेच्या पत्र्यावर एक दयाळ शीळ घालू लागला, म्हणून मी फोन खिडकीबाहेर धरला. पक्षी उडून गेल्यावर कानाला लावला.

"काका, ऐकलंत ना?"

"ऐकलं," ते म्हणाले. "वाचलेला दिसतो कुणाचातरी."